वळणावरचा आवाज

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी संपादक मंडळाकडून आग्रहाचे निमंत्रण येते आणि दरवर्षी मी लसीकरण, अतिसार, बाळाचा आहार यांपैकी एखादा विषय हाती घेऊन कर्तव्य पार पाडतो. वाचकही ते सहनशीलतेने वाचतात, निदान वाचल्याचे सांगतात. या वर्षी मात्र माझ्या समव्यवसायी मित्रांची आणि इतर वाचकांची आगाऊ क्षमा मागून मी माझ्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाविषयी लिहिणार आहे. बालरोगतज्ज्ञाने चाकाविषयी का लिहावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात मिळेल. तोवर थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

पहिली ओळख

ही गोष्ट २०२२ सालच्या पावसाळ्यातली. सौभाग्यवतींचे माहेर म्हापशाचे असल्याने पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी आणि पुढे चोर्ला घाट उतरून साखळी हा रस्ता आमच्या पायाखालचा, म्हणजे चाकाखालचा. बेळगावचा पाऊस आणि त्या पावसातला तो रस्ता यांविषयी येथील वाचकांना काही सांगायला नको. खड्डा चुकवायचा म्हटले तर दुसऱ्या खड्ड्यात जाण्याखेरीज गत्यंतर नसते. शनिवारी रात्रीचे कॉल आटोपून मी बहुधा अर्धवट झोपेत असतो, म्हणून घाटात गाडी सौंच्या हाती असते.

जुलैतल्या अशाच एका रविवारी, चोर्ल्याची उतरण सुरू झाल्यावर एका वळणावर गाडीच्या पोटातून ‘खट्ट’ असा आवाज आला. एकदाच. कानापेक्षा पायाला अधिक जाणवला. मी म्हटले, दगड उडाला असेल. पुढच्या एका वळणावर पुन्हा तोच ‘खट्ट’. सौ. म्हणाल्या, “अहो, उजवीकडे वळताना येतो हा. तोही उतरणीवर, ब्रेकवर पाय असला तरच.”

मी “बरं” म्हटले. आपल्या व्यवसायातल्या सर्वांना हा ‘बरं’ परिचित आहे. एखादी आई बाळाविषयी बारीकसारीक तपशील सांगू लागली आणि बाहेर वीस पेशंट खोळंबलेले असले, की आपण जो ‘बरं’ म्हणतो, तोच हा. त्याचा अर्थ ‘ऐकले’ असा नसून ‘पुरे’ असा असतो.

तज्ज्ञांचे अभिप्राय

पुढील आठवड्यात आपल्या मासिक सभेनंतरच्या चहापानात मी हा आवाज मित्रांपुढे मांडला. अस्थिरोगतज्ज्ञांनी क्षणाचाही विलंब न लावता सांध्याची झीज असल्याचे सांगितले. फिजिशियन मित्राने काही दिवस नुसते निरीक्षण करावे असे सुचविले. भूलतज्ज्ञ म्हणाले, “गाडी उभी करून ठेवा, आवाज येणार नाही.” तीनही अभिप्राय आपापल्या शाखेला शोभणारे होते. त्यांतला पहिला पुढे अक्षरशः खरा ठरला, हे त्या मित्राला मी अद्याप सांगितलेले नाही. या लेखातून त्याला कळेल.

मग गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेली. तेथील तरुणाने ती सपाट, सरळ रस्त्यावर दोन किलोमीटर चालवून आणली. आवाज आला नाही. परंतु गाडी आली आहे तर काहीतरी करणे भाग, म्हणून पुढचे दोन्ही शॉकअप त्यांच्या वरच्या माउंटिंगसह बदलले गेले. बिल भरले. पुढच्या रविवारी चोर्ल्यात आवाज जसाच्या तसा. दुसऱ्या गॅरेजमध्ये ‘वळताना आवाज’ एवढे दोन शब्द ऐकताच ‘एक्सल गेला’ असे निदान झाले. डावा एक्सल नवा आला. पुन्हा बिल, पुन्हा रविवार, पुन्हा ‘खट्ट’.

याला आपल्याकडे ‘शॉटगन थेरपी’ म्हणतात. तापाच्या मुलाला एकाच चिठ्ठीत प्रतिजैविक, हिवतापाचे औषध आणि जोडीला स्टेरॉइड. यांपैकी काहीतरी लागू पडेलच, हा त्यामागचा हिशेब. निवासी डॉक्टरांना यावरून मी अनेकदा खडसावले आहे. आता तोच उपचार माझ्या गाडीवर, माझ्या संमतीने आणि माझ्याच खर्चाने चालला होता.

मिस्त्रींचा बाह्यरुग्ण विभाग

अखेर आमच्या कंपाउंडरने उद्यमबागेतल्या एका मिस्त्रींचे नाव सुचविले. पत्र्याची शेड, काळवंडलेली जमीन, भिंतीवर टांगलेले पाने, आणि चष्म्याला दोरा बांधलेले साठीच्या घरातले मिस्त्री. मी गाडी उभी केली आणि सवयीने म्हणालो, “सस्पेन्शन बघा.” मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलेही नाही. माझ्यासाठी स्टूल पुढे केले आणि विचारले, “आवाज कसा येतोय ते सांगा की साहेब.”

त्यानंतर त्यांनी जे प्रश्न विचारले, ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले. आवाज कधीपासून? एकदाच ‘खट्ट’ होतो की लागोपाठ ‘कट-कट-कट’? लागोपाठ असेल तर गाडीच्या वेगाबरोबर वाढतो का? डावीकडे वळताना की उजवीकडे? गाडी उभी असताना नुसते स्टिअरिंग फिरवले तर येतो? खड्ड्यातून सावकाश जाताना? ब्रेक दाबला की? रिव्हर्स घेताना? मध्यंतरी गाडी कुठे जोरात आपटली होती? आतापर्यंत काय काय बदलले, आणि बदलल्यावर आवाजात काही फरक पडला का?

मी चाचरू लागलो. डावीकडे की उजवीकडे, हे मला नक्की सांगता येईना. तीस वर्षे मी आयांना याच धर्तीचे प्रश्न विचारत आलो आहे, आणि त्यांची उत्तरे मोघम आली की मनातल्या मनात चिडत आलो आहे. मिस्त्री चिडले नाहीत. म्हणाले, “घरात आणखी कोण चालवतंय गाडी?”

मी सौंना फोन लावून दिला. त्यांनी एका दमात सांगितले: उतरणीवर, उजव्या वळणावर, ब्रेकवर पाय असताना, एकदाच, डावीकडे वळताना नाही, उभ्या गाडीत नाही, मे महिन्यात जांबोटीच्या अलीकडे डावे चाक एका मोठ्या खड्ड्यात गेले होते, त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी सुरू झाला. मिस्त्रींनी फोन परत देत म्हटले, “वहिनींनी निम्मं काम करून दिलं बघा.”

हे सर्व तपशील सौंनी मला घाटातच सांगितले होते. मी ‘बरं’ म्हटले होते.

यानंतर मिस्त्रींनी प्रथम काय केले असेल? डिकी रिकामी केली. स्टेपनी, जॅक, पाण्याचा कॅन, औषधांच्या नमुन्यांची दोन खोकी, सारे बाहेर काढले. “वळणावर डिकीतलं सामान सरकलं तरी आवाज येतोय साहेब. लोक हजारो रुपये घालवतात आणि शेवटी आत जॅक लोळत असतो.” मग पाना घेऊन चारही चाकांचे नट तपासले. सैल नटामुळेही वळणावर आवाज येतो, आणि तसे चालवत राहिल्यास चाक निखळू शकते. जे सर्वांत सोपे आणि जे सर्वांत घातक, ते आधी वगळायचे. आपल्या पाठ्यपुस्तकांत हेच लिहिलेले असते.

एका आवाजाचे अनेक अर्थ

येथे वाचकांसाठी थोडे शरीररचनाशास्त्र आवश्यक आहे. आमच्या लहानपणच्या अॅम्बॅसिडर आणि फियाट गाड्यांत इंजिनची शक्ती मागच्या चाकांना मिळत असे; पुढच्या चाकांचे काम फक्त वळण्याचे. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि आपल्या मध्यमवर्गीयांच्या घरात पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी आली. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या छोट्या गाड्या याच जातीच्या आहेत. या रचनेत पुढच्या चाकाला तीन कामे एकाच वेळी करावी लागतात: फिरणे, वळणे आणि खड्ड्याप्रमाणे खालीवर होणे. त्यासाठी त्याच्याभोवती अनेक सांधे असतात, आणि वळताना प्रत्येक सांध्यावर वेगळा ताण येतो. म्हणून ‘वळताना आवाज’ हे निदान नव्हे; ते ‘पोटात दुखते’ यासारखे केवळ लक्षण आहे.

पहिला सांधा एक्सलच्या टोकाचा, ज्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने १९२०च्या दशकात अमेरिकेत विकसित केलेल्या रचनेवर तो आधारलेला आहे. एका वाटीत सहा पोलादी गोळ्या खोबणींतून सरकतात आणि चाक वळलेले असतानाही त्याला एकसारखी गती मिळते. त्यावरचे रबरी बूट फाटले की ग्रीस बाहेर पडते, माती आत शिरते आणि खोबणी झिजतात. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढली की लागोपाठ ‘कट-कट-कट’ येतो, आणि चाकाच्या वेगाबरोबर त्याची गती वाढते. एकच ‘खट्ट’ हे त्याचे नेहमीचे लक्षण नव्हे. माझा जुना एक्सल निर्दोष असताना बदलला गेला, तो हा फरक कोणी विचारला नाही म्हणून.

दुसरी जागा शॉकअपच्या माथ्यावरची. तेथे एक बेअरिंग असते. स्टिअरिंगबरोबर शॉकअप आणि स्प्रिंग त्यावर फिरतात. ते अडकू लागले की स्प्रिंगला पीळ बसतो आणि तो झटक्याने सुटतो. हा आवाज गाडी उभी असतानाही येतो. एकाने स्टिअरिंग फिरवावे आणि दुसऱ्याने स्प्रिंगवर बोटे ठेवावीत, की पीळ हाताला कळतो. मात्र बोटे वेटोळ्यांच्या फटीत घालू नयेत.

तिसरी जागा लिंक रॉडची. वळणावर गाडी एका बाजूला कलंडू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी सळई असते, तिच्या टोकांना या छोट्या कड्या. त्या झिजल्या की खडबडीत रस्त्यावर, सावकाश जाताना, एक चाक वर आणि एक खाली झाले की खुळखुळ ऐकू येते. दुरुस्ती त्यामानाने स्वस्त आणि सोपी.

चौथा टाय रॉडचा सांधा, जो चाकाला वळवतो. आणि पाचवा, सर्वांत खालचा, लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट: पोलादी गोळी आणि तिला धरून ठेवणारी वाटी. आर्मच्या दुसऱ्या बाजूला रबरी बुश असतात. ते फाटले तरी ब्रेक दाबताच आर्म पुढेमागे सरकतो आणि एकच ठोका ऐकू येतो.

मिस्त्रींचा तर्क असा: आवाज एकच आहे, म्हणून फिरणाऱ्या सांध्याचा नाही. उभ्या गाडीत येत नाही, म्हणून माथ्यावरचा नाही. ब्रेक आणि वळण एकत्र आले की येतो, म्हणजे भार एका बाजूहून दुसरीकडे जाताना काहीतरी सरकते. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर जातो. उतरणीवर ब्रेक लावला की तो आणखी पुढे येतो. म्हणून संशय पुढच्या डाव्या चाकाच्या खालच्या भागावर. हे सर्व त्यांनी गाडीखाली न जाता, स्टुलावर बसून सांगितले.

हात ठेवून पाहा

मग परीक्षा. मागच्या चाकांना दगड लावले. गाडी जॅकने उचलून, नुसत्या जॅकवर न ठेवता खाली भक्कम स्टँड दिला. डावे चाक अधांतरी लटकत ठेवले. घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी चाक धरून हलवले. टाय रॉड ठीक. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले. मला काही कळले नाही. मिस्त्री म्हणाले, “साहेब, तुम्ही खाली या. मी हलवतो, तुम्ही इथं हात ठेवा.”

पॅन्टची पर्वा न करता मी खाली वाकलो आणि दाखवलेल्या जागी दोन बोटे ठेवली. मिस्त्रींनी चाक आत-बाहेर केले. कानाला विशेष ऐकू आले नाही. पण बोटांखाली गोळी वाटीत सरकल्याचा ठोका स्पष्ट लागला. पुन्हा हलवले, पुन्हा ठोका. रबरी बूट फाटले होते आणि आतले ग्रीस चिखल होऊन गेले होते.

दोन्ही गॅरेजांनी गाडी उचलली होती, पण हलवणारा एक आणि हात ठेवणारा दुसरा, अशी जोडी कोणी केली नव्हती. शिवाय आवाज ज्या परिस्थितीत येतो, त्या परिस्थितीत गाडी कोणी चालवलीच नव्हती.

“असंच चालवलं असतं तर?” मी विचारले. मिस्त्रींनी तळहाताच्या वाटीत मूठ धरली आणि खाली ओढून काढली. गोळी वाटीतून निसटली की चाक आडवे पडते, गाडी त्या बाजूला बसते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा चोर्ला उतरणार होतो. गाडी सौ. चालवणार होत्या.

दुरुस्ती दोन तासांची होती. त्या गाडीत बॉल जॉइंट सुटा मिळत नसल्याने पूर्ण लोअर आर्म बदलला. एक गोष्ट मात्र मुद्दाम नोंदवितो. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट मिस्त्रींनी गाडी अधांतरी असताना नुसते अडकवले आणि गाडी चाकांवर उतरवून तिचा भार आल्यावरच अखेरचे आवळले. लटकत्या स्थितीत आवळल्यास गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. मग उजवी बाजूही त्याच पद्धतीने तपासली. व्हील अलाइनमेंट करून घ्यायला सांगितले. शेवटी म्हणाले, “घाटात जाऊन या, मग पैसे द्या.” पेशंट बरा झाल्याची खात्री होईपर्यंत फी न घेणारा चिकित्सक मी बऱ्याच वर्षांनी पाहिला.

हाताची स्मृती

आता उत्तरार्ध. त्या शेडमध्ये, बोटांखाली तो ठोका लागला त्या क्षणी मी गाडीखाली नव्हतोच. मी वीस वर्षे मागे गेलो होतो.

नवजात बाळाच्या खुब्याची एक तपासणी आम्ही बालरोगतज्ज्ञ करतो. इटालियन बालरोगतज्ज्ञ मारिनो ऑर्टोलानी यांनी १९३७ साली तिचे वर्णन केले. बाळाला उताणे निजवायचे, गुडघे आणि खुबे काटकोनात दुमडायचे, अंगठा मांडीच्या आतल्या बाजूला आणि मधले बोट बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर ठेवायचे. मग मांडी हलकेच बाहेर फाकवत बोटाने वर उचलायची. खुब्याची गोळी वाटीतून निखळलेली असेल, तर ती आत परतताना बोटांखाली एक ठोका लागतो. १९६२ साली बार्लो यांनी उलट दिशेची तपासणी मांडली: मांडी आत आणून हलकेच मागे दाबली, तर सैल सांध्यातली गोळी वाटीबाहेर सरकते. बारीक ‘टिक’ असा आवाज पुष्कळ बाळांत येतो आणि तो बहुधा निरुपद्रवी असतो. खरा ठोका कानाला नव्हे, हाताला लागतो. बाळ शांत असावे लागते. रडणाऱ्या, अंग ताठ केलेल्या बाळात काहीच कळत नाही.

२००२ साली मी व्यवसायात नवा होतो. एका पहिलटकरणीला सिझेरियनने मुलगी झाली. बाळ पायाळू होते. पहिल्या दिवशी मी तपासले तेव्हा ते रडत होते. बाहेर गर्दी होती. मी खुबे फाकवून पाहिल्यासारखे केले आणि कागदावर लिहिले, ‘खुबे नॉर्मल’. त्यानंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला ती लसीसाठी आली. वजन केले, लस दिली. खुब्याला पुन्हा हात लावला नाही, कारण कागदावर मीच ‘नॉर्मल’ लिहिले होते. चौदाव्या आठवड्याला आई म्हणाली, “डॉक्टर, लंगोट बांधताना हिचा डावा पाय उजव्याएवढा फाकत नाही.”

मी “बरं” म्हटले.

पंधराव्या महिन्यात मुलगी चालू लागली, तेव्हा लंगडत होती. क्ष-किरण चित्रात डाव्या खुब्याची गोळी वाटीबाहेर होती. शस्त्रक्रिया झाली, कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टर लागले. चालायला शिकलेले मूल पुन्हा तीन महिने पाठीवर पडून राहिले. आज ती तरुण आहे, चालते, शिकली आहे. पण दिवसभर उभे राहिल्यावर पाय दुखतो, आणि तो खुबा इतरांच्या आधी झिजणार हे ती आणि मी दोघेही जाणतो. तिच्या आईने मला कधी दोष दिला नाही. दुसरे अपत्य झाले, तेही माझ्याकडेच आणले. त्या विश्वासाचे ओझे अजून उतरलेले नाही.

या विकाराला पूर्वी खुब्याचे ‘जन्मजात’ निखळणे म्हणत; आता ‘विकासात्मक’ म्हणतात, कारण काही बाळांत जन्माच्या वेळी सांधा ठीक असतो आणि पुढे बिघडत जातो. त्यामुळे पहिल्या दिवशी माझी तपासणी कदाचित बरोबरही असेल, असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले. पण चौदाव्या आठवड्याचे काय? त्या वयात ठोका बहुधा लागत नाही, कारण स्नायू आखडलेले असतात. तेव्हाचे महत्त्वाचे लक्षण हेच, की एक मांडी कमी फाकते. आईने पाठ्यपुस्तकातले लक्षण आपल्या शब्दांत, अचूक बाजूसह, मला सांगितले होते. त्या वेळी पट्ट्यांचा साधा पावलिक हार्नेस लावून काम भागण्याची मोठी शक्यता होती. सहा महिन्यांच्या आत तो लावला तर बहुतेकदा शस्त्रक्रियेची वेळ येत नाही.

चार व्यावहारिक गोष्टी

लेख केवळ कबुलीजबाब होऊ नये म्हणून, वाचकांच्या उपयोगाच्या काही गोष्टी सांगतो.

ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे त्यांनी त्याला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधू नयेत. हात गुंडाळले तरी पायांना दुमडायला आणि फाकायला मोकळी जागा असावी. आपल्याकडे मूल कडेवर घेण्याची रीत आहे, ती खुब्यासाठी उत्तम. बाळ पायाळू असेल किंवा घरात कोणाला खुब्याचा त्रास झालेला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मुलींमध्ये हा विकार अधिक आढळतो. शंका असल्यास सुमारे सहाव्या आठवड्याला खुब्याची सोनोग्राफी करून घ्यावी. चार ते सहा महिन्यांनंतर क्ष-किरण चित्र उपयोगी पडते. दोन्ही गुडघे दुमडून एकाची उंची कमी दिसली, मांडीच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नसल्या किंवा एक मांडी कमी फाकली, तर ‘चालायला लागल्यावर बघू’ असे म्हणू नये, आणि डॉक्टर तसे म्हणाले तर पुन्हा विचारावे. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, हेही ध्यानात ठेवावे.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी आवाज कधी, कुठे, कोणत्या बाजूला वळताना येतो हे कागदावर लिहून न्यावे. गाडी जो नेहमी चालवतो, त्याने स्वतः मेकॅनिकला बरोबर बसवून, आवाज येतो त्या रस्त्यावर न्यावे. निदान सांगितल्यावर ‘दाखवा’ म्हणावे. झिजलेला सांधा हाताला लागतो. बदललेला भाग परत मागावा. आणि चाकाजवळचा ठोका असेल, तर घाट उतरण्याआधी तपासून घ्यावे.

माझ्या समव्यवसायी मित्रांना मी काय सांगणार? स्वतःपुरते सांगतो. आता माझ्या दवाखान्यात मूल चालू लागेपर्यंत प्रत्येक लसीच्या भेटीत खुबे तपासले जातात, मागच्या कागदावर काहीही लिहिलेले असो. बाळ रडत असेल तर आईला पाजायला सांगून मी थांबतो. आणि शेवटी एक प्रश्न विचारतो: “तुम्हाला काही वेगळं वाटतंय का?” उत्तर येईपर्यंत पेन खाली ठेवतो. दिवसाला अर्धा तास जास्त लागतो.

पुढच्या रविवारी आम्ही चोर्ला उतरलो. पाऊस होता. सौ. गाडी चालवत होत्या, मी प्रथमच जागा होतो. उजवे वळण आले, ब्रेक लागला. मी पायाशी लक्ष देऊन बसलो होतो. काही आले नाही. तीन वळणांनंतर सौ. म्हणाल्या, “गेला आवाज. पण मागच्या दाराच्या काचेतून काहीतरी कुरकुर येतेय.”

“कधी येते?” मी विचारले, आणि वही काढली.